दादांची सिल्ली भंगारात देऊ नका : वस्तऱ्याचा जुना दगड पुन्हा कामाला लावताना

घराला रंग काढला, माळा रिकामा केला किंवा मरहूम वडीलधाऱ्यांची पेटी उघडली, की बऱ्याच घरांतून एक दगड निघतो. हाताच्या पंजाएवढा लांब, दोन-तीन बोटं रुंद, काळपट, वर तेलाचा चिकट थर आणि मधोमध होडीसारखा खोलगट. सोबत कधी चामड्याचा चमोटा असतो, कधी गंजलेला वस्तरा, कधी नुसताच दगड. मराठीत याला निसणा म्हणतात, कुठे पथरी. आपल्या घरांत तो सिल्ली म्हणूनच ओळखला जातो.

सलमानी बिरादरीच्या घरात सिल्ली निघणं साहजिकच आहे. हज्जामाचं अख्खं दुकान एका धोकटीत मावायचं त्या काळात वस्तरा, कैची, नराणी, पाण्याची वाटी आणि सिल्ली एवढाच पसारा असे. शिकलगारांच्या घरांतही असे दगड सापडतात. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हे आडनाव गावोगाव आहे. मूळ अरबी शब्द सैकल, म्हणजे जिल्हई, चकाकी. सैकलगर म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. आडनाव शाबूत राहिलं, काम बहुतेक घरांतून गेलं.

आम्ही पेशाने शिक्षक. पण आमच्या आजोळी हजामतीचं दुकान होतं आणि नानांच्या हाताखाली दगड धुण्याचं काम आम्हा नातवंडांकडे असायचं. त्यामुळे ओळखीतले लोक अशी पेटी उघडली की दगड घेऊन आमच्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "सर, हा खराब झालाय ना? टाकून देऊ?" शंभरातल्या नव्वद वेळा आमचं उत्तर एकच असतं. दगड खराब झालेला नाही. तो तेलाने भरलाय आणि मधोमध झिजलाय. या दोन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात, खर्चही फार येत नाही. फक्त दोन ठिकाणी घाई करायची नाही: दगड कोणता आहे हे ओळखण्यापूर्वी, आणि घासायला बसताना. दुसरी घाई तर फुप्फुसांवर बेतते. ते पुढे येईलच.

सुरीला चालतो तो दगड वस्तऱ्याला का चालत नाही

ही गोष्ट समजली की बाकीचं सगळं सोपं होतं. सुरीला धार लावताना कोन आपण हाताने धरतो. सुरी जरा तिरकी केली, जरा आडवी केली, तरी मनगट सांभाळून घेतं. दगडाला थोडा खड्डा असला तरी भाजी कापण्यापुरती धार येतेच. वस्तऱ्याचं तसं नाही. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात: त्याची जाड पाठ आणि बारीक धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या असतात. धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यावरून. हा कोन साधारण १६ ते १७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे वस्तरा स्वतःच स्वतःची पट्टी आहे. कारागिराचं काम एवढंच, की पातं उचलायचं नाही आणि दाबायचं नाही.

आता हीच सरळ धार खोलगट दगडावर ठेवा. ती दोन्ही काठांवर टेकते आणि मधे अधांतरी राहते, खाटेच्या दोन पाट्यांवर काठी ठेवावी तशी. मग कारागीर नकळत जोर लावतो, पातं वाकतं, धार कुठे जास्त झिजते, कुठे अजिबात नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं. इतक्या बारीक कामात अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे विहीर झाली.

हा खड्डा पडतो कशाने? रोजच्या वापराने पडतो, पण नुसत्या वस्तऱ्याने सिल्ली फार हळू झिजते. नानांची सिल्ली तीस वर्षं वापरात होती, तिला पट्टी लावली तर खालून जेमतेम कागद जायचा. खरी नासाडी होते ती दुकान बंद झाल्यावर. सिल्ली स्वयंपाकघरात येते, विळी-सुरीला लागते, आणि बकरीदच्या आदल्या रात्री तर घरातल्या सगळ्या सुऱ्या त्याच एका दगडाच्या मधोमध घासल्या जातात. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी धारदार असावी, ही आपल्याला दिलेली तालीमच आहे, तेव्हा सुरीला धार लावणाऱ्याला दोष कसा देणार? पण त्या कामासाठी बाजारात स्वस्त आणि भरड दगड मिळतो. सिल्लीवर ते काम होतही नाही नीट, दगड मात्र जातो.

आधी ओळख

दगड हातात आला की लगेच साबण-ब्रश काढू नका. आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि चारही बाजू बघा. कुठे कागदी लेबल चिकटलेलं आहे का, शिक्का आहे का, अक्षरं कोरलेली आहेत का. असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या दगडाचं लेबल म्हणजे त्याचा जन्मदाखला. पाण्यात गेलं की तो दाखला संपला, आणि जुन्या वस्तू जमवणारे लोक अर्धी किंमत त्या कागदाचीच देतात. लेबल ठेवायचं असेल तर त्यावर नखांना लावतात ते रंगहीन पॉलिश पातळसं लावून वाळू द्या. दगड लाकडी पेटीत बसवलेला असेल तर उचकटून काढू नका, पेटीसकट काम करता येतं.

मग बघायचं की दगड खाणीतला आहे की कारखान्यातला. घड्याळवाल्याकडचं भिंग असेल तर उत्तम. भिंगाखाली सगळीकडे एकसारखे दाणे आणि बारीक चमचम दिसली तर तो बहुधा कारखान्यातला. रेघा, थर, डाग, रंगाची छटा कमीजास्त दिसली तर नैसर्गिक. कारखान्यातल्या दगडांचा इतिहास तसा अलीकडचा. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड तयार केलं. ते कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत होते, हाती आला हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा पदार्थ. त्याला त्यांनी कार्बोरंडम नाव दिलं. त्यानंतर न्हाव्यांसाठी खास लहान आकाराचे, अतिशय बारीक दाण्याचे कृत्रिम दगड युरोप-अमेरिकेत बनू लागले. आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरातले स्वाटी नावाचे दगड त्यातलेच. हे दगड दणकट असतात.

नैसर्गिक दगडांची गोष्ट वेगळी. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात, व्हिएल्साल्मच्या आसपास, कोटिक्यूल नावाचा पिवळट, सायीच्या रंगाचा दगड निघतो. त्याच्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. आपल्याकडे अंगठीत बसवतात तो गोमेद याच कुळातला. हा पिवळा थर पातळ आणि नाजूक, म्हणून तो निळसर-काळ्या पाटीच्या दगडाला जोडलेला असतो. कधी निसर्गानेच जोडलेला, कधी माणसाने डिंक-सरस लावून. तेव्हा तुमचा दगड एका अंगाने सायीसारखा आणि दुसऱ्या अंगाने काळा असेल, तर तो अजिबात गरम करू नका. दुसरा प्रसिद्ध दगड जर्मनीतल्या थुरिंगियाचा. दिसायला आपल्या शाळेच्या पाटीसारखा, पण गडद निळा, हिरवट किंवा पिवळसर हिरवा, हाताला रेशमासारखा. झोनेबर्गच्या एशर कंपनीचं लेबल असलेले हे दगड जगभर गेले. आता ती खाण चालत नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सासचा दगड पांढरा किंवा काळा, जवळजवळ शुद्ध सिलिका, अतिशय कठीण. जपानमध्ये क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतून निघणारे दगडही वस्तऱ्यासाठी नावाजलेले आहेत.

तुमच्या पेटीतला दगड यांपैकीच असेल असं नाही. आपल्या भागात मिळणाऱ्या बारीक दाण्याच्या काळ्या दगडावरही पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय, आणि त्यावर लावलेल्या वस्तऱ्याने गावच्या गाव दाढी करून घेत होतं. नाव-गाव कळलं नाही म्हणून दगड कमी ठरत नाही. ओळख एवढ्यासाठीच करायची, की त्याला काय सोसेल आणि काय नाही हे कळावं.

आणि ज्यांनी तो वापरला ते अजून हयात असतील तर सगळ्यात आधी त्यांना विचारा. नजर गेली असेल, हात थरथरत असेल, तरी दगड हातात द्या. अंगठा फिरवून ते सांगतील की कोणती बाजू शेवटच्या धारेची, तेल लावत होते की पाणी, दगड कुठून घेतला होता. शाळेत मुलांना 'आजी-आजोबांची मुलाखत' असा उपक्रम देतो तेव्हा आम्ही सांगतो की, "तुमच्या काळी काय व्हायचं?" असं विचारू नका, एक वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. एका मुलीने आजोबांच्या हातात अशीच सिल्ली ठेवली होती. चार पानांची वही भरली.

धुणं

जुन्या दगडावरचा काळा थर म्हणजे वर्षानुवर्षांचं तेल आणि त्यात रुतलेली पोलादाची बारीक पूड. दगडाची छिद्रं त्याने बुजतात, म्हणून पातं नुसतं घसरतं, कापलं जात नाही. दगड कसा आहे ते बघायला पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर तेल आहे. पसरला किंवा मुरला तर बरंचसं काम झालेलं आहे.

कोमट पाण्यात भांडी धुण्याचं लिक्विड टाका, जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बदला, पुन्हा घासा. काळं पाणी येत राहील. कृत्रिम दगड असेल तर साबणाच्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवला तरी चालतो, रोज पाणी बदला. नैसर्गिक पाटीचा किंवा जोडलेला दगड मात्र असा भिजत घालू नका; थरांत पाणी शिरून तो पापुद्र्यासारखा सुटू शकतो. त्याला घासायचं, धुवायचं, पुसायचं, आणि सावलीत वाळवायचं. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचं नाही.

साबणाने थर निघालाच नाही तर घासलेट किंवा टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसा. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा, स्वयंपाकघरात अजिबात नको. तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळू द्या. मग पुन्हा साबणाने धुवा.

काही लोक दगड उकळतात, काही ओव्हनमध्ये घालतात म्हणजे तेल बाहेर येतं. तेल येतं खरं, पण नैसर्गिक दगडात मुरलेलं पाणी वाफ होऊन तो तडकतो आणि जोडलेल्या दगडाचा जोड सुटतो. व्हिनेगर, लिंबू, संडासचं अ‍ॅसिड हेही नको; काही दगडांत चुन्याचा अंश असतो, तो अ‍ॅसिडने खाल्ला जातो आणि गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत होतो. आतलं सगळं तेल निघालंच पाहिजे असा हट्टही धरू नका. वरचा थर निघाला आणि पुढचं घासकाम झालं की दगड चालू लागतो.

सपाट करणं, आणि धुळीची गोष्ट

आता मुख्य काम. लागतं काय? एक जाड काच, ८ ते १० मिलिमीटरची, दगडाच्या दुप्पट लांब. काचवाल्याकडे तुकडा मिळतो, कडा घासून घ्या. ओट्याच्या कामातून उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो. कडप्पा मात्र बघून घ्या, तो बऱ्याचदा सपाट नसतो. दुसरं, हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर: १२० किंवा २२० नंबर, मग ४००, मग ६००, शेवटी १०००. काळा, पाण्यात चालणारा तोच घ्या. लाकडाचा पिवळा काचकागद पाण्यात विरघळतो. तिसरं, साधी पेन्सिल. चौथं, भरपूर पाणी.

काचेवर पाणी शिंपडून पेपर चिकटवा. दगडावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा मारा, गणिताच्या वहीतल्या चौकटींसारख्या. मग दगड पेपरवर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. जोर नको, दगडाचं वजन आणि हाताचं वजन पुरे. पंधरा-वीस फेऱ्यांनी उलटून बघा. काठावरच्या रेघा गेलेल्या असतील, मधल्या तशाच असतील. तोच तुमचा खड्डा. रेघा पुन्हा मारा, पुन्हा घासा. ज्या वेळी सगळ्या रेघा एकदम आणि सारख्या पुसल्या जातील, त्या वेळी दगड सपाट झाला. मुलांना हे काम द्यायला हरकत नाही, फक्त पाणी कमी पडू देऊ नका. खड्डा १ मिलिमीटरचा असेल तर एक संध्याकाळ जाते. अर्कान्साससारखा कठीण दगड असेल तर पेपरच आधी झिजतो. तिथे काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी पूड आणि पाणी घालून घासावं लागतं. हौशी लोक दुर्बिणीचे आरसे घासायला हीच पूड वापरतात. मोटारीच्या दुकानातली ग्राइंडिंग पेस्ट वापरू नका, तिच्यात तेल असतं, म्हणजे केलेलं धुणं वाया.

सपाट झाला की नाही याची खात्री सुताराच्या गुण्याने होते. गुण्याची पोलादी कड दगडावर उभी ठेवा आणि खिडकीकडे तोंड करून बघा. खालून उजेड दिसला तर अजून काम बाकी आहे. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी यासाठी घेऊ नका, ती स्वतःच सरळ नसते.

आता धुळीबद्दल, आणि इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. दगड कोरडा घासायचा नाही. ग्राइंडर लावायचा नाही, ड्रिलला तारेचा ब्रश लावायचा नाही. यातल्या बऱ्याच दगडांत सिलिका असते. तिची कोरडी पूड इतकी बारीक असते की दिसतही नाही, फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. त्यातून होणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस घट्ट होत जातं, दम लागतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार, गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर, यांनी याची किंमत मोजलेली आहे. तुमच्या पेटीतल्या वस्तऱ्यावर शेफील्डचं नाव असेल तर हेही ठाऊक असू द्या, की १९व्या शतकात त्या शहरात कोरड्या चाकावर घासकाम करणारे कितीतरी कामगार तिशी-पस्तिशीत दम लागून मेले.

एखादा दगड घासून कुणाला सिलिकोसिस होणार नाही, हे खरं. पण एक दगड छान झाला की मोहल्ल्यातून दहा येतात. ओळखीतल्या एका तरुणाने वडिलांच्या दुकानातले सगळे दगड बंद खोलीत ग्राइंडरवर घेतले. दोन दिवस खोकत होता आणि तीन दगड ग्राइंडरच्या खाचांनी कायमचे गेले. ओलं काम केलं की धूळ उडतच नाही, चिखल होतो. तो चिखल बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. बादलीत बसू द्या, वरचं पाणी टाका, गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात. काम झाल्यावर जमीन ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल झाडला की पुन्हा धूळच.

सपाट झाल्यावर बारीक नंबरांवर घासत जा, आणि शेवटी चारही कडा किंचित गोल करा. तीक्ष्ण कड वस्तऱ्याला खरचटवते आणि तिथूनच कपचा उडतो.

तीन दगडांची युक्ती

काच नव्हती, वॉटर पेपर नव्हता, तेव्हा लोक काय करायचे? दोन दगड पाणी घालून एकमेकांवर घासायचे. नानाही तेच करत. पण यात एक गंमत आहे, आणि ती आम्ही वर्गातही सांगतो. दोनच दगड एकमेकांवर घासत राहिलात तर दोन्ही सपाट होतीलच असं नाही. वरचा हळूहळू खोलगट होऊ शकतो आणि खालचा फुगीर, आणि तरीही दोघं एकमेकांवर अगदी घट्ट बसतील. वाटी वाटीत बसते, तसं. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

तिसरा दगड आणला की फसवणूक उघडी पडते. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असं आळीपाळीने घासत गेलं की तिघांनाही आपसांत जुळण्याचा एकच मार्ग उरतो: तिघांनी सपाट होणं. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी हीच रीत धातूच्या पत्र्यांसाठी रूढ केली आणि कारखान्यांतली अचूक मोजमापं त्यावर उभी राहिली. घरात तीन जुन्या सिल्ल्या असतील तर करून बघा. मात्र तिन्ही साधारण सारख्या जातीच्या हव्यात. भरड दगड आणि वस्तऱ्याचा बारीक दगड एकत्र घासले तर भरड दाणे बारकाईच्या दगडात रुततात.

तडा आहे का हे बघायला दगड बोटावर तोलून नखाने वाजवा, मडकं घेताना वाजवतो तसा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. बारीक चिरेत फेविक्विकसारखा पातळ गोंद सोडता येतो. दोन तुकडे झाले असतील तर अ‍ॅराल्डाइटने जोडून खाली काचेचा किंवा फरशीचा तुकडा लावा, आणि वाळल्यावर वरून पुन्हा सपाट करा. जोड पात्याच्या वाटेत आडवा येत असेल तर वस्तरा त्या दगडावर नेऊ नका. त्यावर दाढीची कैची लावा.

आणि मग वस्तरा?

दगड तयार झाला की पुढचा प्रश्न येतोच. मागच्या वर्षी एका घरात मोठा वादच झाला होता. नातवाचा अकीका होता. त्याच्या वडिलांची इच्छा, की दादांच्या सिल्लीवर दादांचाच वस्तरा लावायचा आणि त्यानेच बाळाचे केस उतरवायचे. खुद्द त्यांचे, त्यांच्या भावांचे आणि अर्ध्या मोहल्ल्याचे अकीक्याचे केस त्याच वस्तऱ्याने निघालेले. घरातल्या बायकांचा ठाम विरोध. दोन्ही बाजूंनी आम्हाला विचारलं.

आम्ही बायकांच्या बाजूने कौल दिला आणि त्याची कारणं सांगितली. दगड स्वच्छ झाला म्हणजे वस्तरा निर्जंतुक झाला असं होत नाही. जुन्या पात्यावर गंजाचे बारीक खड्डे असतात, मुठीच्या फटीत वर्षांचा मळ असतो, आणि धार कितीही छान लागली तरी तो मळ तिथेच राहतो. घरी पाण्यात उकळलं तरी सगळे जंतू मरत नाहीत. बाळाची टाळू मऊ, मान सतत हलणारी, आणि ज्यांचा हात या वस्तऱ्यावर बसलेला होता ते दादा आता नाहीत. दुकानांतून जुना वस्तरा गेला आणि दर गिऱ्हाइकाला नवं पातं आलं, त्यालाही हेच कारण आहे. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार. कावीळ ब चा विषाणू तर शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसही जिवंत राहू शकतो. हज-उमऱ्याला केस उतरवताना नव्या पात्याचा आग्रह धरतात तो याचसाठी. त्यामुळे ज्या तरुणांचं सलून आहे आणि ज्यांना दादांचा वस्तरा गिऱ्हाइकांवर चालवायची हौस आहे, त्यांनाही आमचं उत्तर नाही असंच आहे.

अकीका नव्या पात्याने झाला. वस्तरा वडिलांनी स्वतःच्या दाढीसाठी ठेवला, आणि ते आता शिकताहेत. एक माणूस, एक वस्तरा, कुणाला उसना द्यायचा नाही, एवढं पाळलं तर त्यात काही वावगं नाही.

शिकणाऱ्यांसाठी थोडं. पात्याच्या धारेलगत परमनंट मार्करची शाई लावा आणि दगडावर एकच हलका हात फिरवा. शाई जिथे उरली, तिथे पातं दगडाला लागत नाही. शाई सगळीकडे सारखी गेली तर दगडही सरळ आहे आणि पातंही. नैसर्गिक दगडावर पाणी पुरतं; धुऊन स्वच्छ केलेल्या दगडावर पुन्हा तेल घालू नका. दगडावर धार पुढे, पाठ मागे. चमोट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जाईल. पातं चालत असताना त्याच्यापुढे पाण्याची बारीक लाट पळते. धार लागत आली की ही लाट पात्यावर चढायला लागते. नाना नजर तिथेच ठेवायचे. एका टोकाला पाणी चढतंय आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं दिसलं की हात बदलायचे. पाणी राखाडी होऊ लागलं तर घाबरू नका, ते पात्याचं पोलाद आहे.

काम झालं की दगड धुवा, पुसा आणि सावलीत उभा करून पूर्ण वाळू द्या. ओला दगड प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. जाड कापडात गुंडाळून लाकडी किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा, दोन दगड असतील तर मधे कापडाची घडी घाला. डब्यात एक चिठ्ठी असू द्या: दगड कुणाचा, कुठल्या दुकानातला, कोणती बाजू वापरायची, तेल की पाणी. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'फक्त वस्तऱ्यासाठी'. बकरीद जवळ आली की डबा कपाटात वरच्या फळीवर.